पाच वॅटची किंमत

हॅम रेडिओ म्हटलं की आपल्या वयाच्या लोकांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक भाव येतो. साधारण तोच, जो कोणी "मी पोस्टाची तिकिटं जमवतो" असं म्हटल्यावर येतो. त्यात पुन्हा "तोही लो पॉवर" असं सांगितलं, की समोरचा मनातल्या मनात हात जोडतो. आधीच जुनाट छंद, त्यात जाणूनबुजून कमजोर मशीन घेऊन बसायचं? खिशात फोन आहे ना!

प्रश्न रास्त आहे. म्हणून म्हटलं, या वीकेंडला आपल्या आयटीवाल्यांच्या सवयीप्रमाणे याचं नीट कॉस्ट-बेनिफिट करूनच टाकू. पाच-दहा वॅटच्या हॅम ट्रान्सीव्हरवर (ट्रान्सीव्हर म्हणजे एकाच डब्यातून बोलणं आणि ऐकणं) पैसे आणि मुख्य म्हणजे वेळ घालवावा का? आणि हा हिशेब मी पुण्यातल्या फ्लॅटचा नाही, तर जिंतूरचा मांडणार आहे. एक तर ते माझं गाव. दुसरं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुठे उभे आहात यावर फार अवलंबून आहे. ते कसं, ते येईलच पुढे.

आधी थोडी ओळख. हॅम म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर हौसेनं रेडिओ चालवणारा माणूस. बारा वर्षांच्या पुढे कोणालाही परीक्षा देता येते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही, जनरल ग्रेडला लागतो. धंद्याची बोलणी यावर करता येत नाहीत आणि बोलणं गुप्त ठेवता येत नाही. जगभरचे बहुतेक हॅम शंभर वॅटचे सेट वापरतात. त्यातल्या काहींना मात्र कमी पॉवरचं वेड असतं. मोर्सला पाच वॅट आणि आवाजाला दहा वॅट एवढ्यात भागवायचं, हा त्यांचा नेम. याला क्यूआरपी म्हणतात. मोर्सच्या जुन्या सांकेतिक भाषेत याचा अर्थ "पॉवर कमी करा". पाच वॅट म्हणजे देवघरातल्या छोट्या एलइडी बल्बाएवढी वीज, बस्स.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पोलिसांच्या हातात किंवा लग्नात इव्हेंटवाल्यांच्या कमरेला जो वॉकीटॉकी दिसतो, त्यातलेही कित्येक पाचच वॅटचे असतात. पण ते व्हीएचएफ-यूएचएफवर चालतात. त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, टेकडी आडवी आली की संपलं. नेमगिरीच्या टेकडीवर उभं राहून बोललात तर बऱ्यापैकी लांब जाईल, खाली बाजारात उतरलात की दोन-चार किलोमीटरनंतर खरखर. मी बोलतोय ते एचएफबद्दल, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याबद्दल. या लहरी वर आयनोस्फिअरवर आपटून खाली परत येतात. टेकडीचं त्यांना काही पडलेलं नसतं.

आता गणित. शंभर वॅट आणि पाच वॅट यांत फरक किती? वीसपट, असं आपण पटकन म्हणतो, आणि वीसपट ऐकायला भयंकर वाटतं. पण रेडिओत हिशेब डेसिबलमध्ये होतो. वीसपट म्हणजे १३ डेसिबल. ऐकणाऱ्याच्या सेटवर सिग्नल दाखवणारा जो काटा असतो, त्याचं एक घर साधारण ६ डेसिबलचं. म्हणजे शंभर वॅटला काटा ९ वर जात असेल, तर पाच वॅटला ७ च्या किंचित खाली. बस्स, दोन घरं! एक विसांश वीज, आणि नुकसान फक्त दोन घरांचं. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी दोनदा तपासून बघितलं होतं. इंजिनिअरिंगला डेसिबल शिकलो होतो, मार्कही मिळाले होते. पण त्याचा अर्थ असा काही होतो, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

अर्थात ती दोन घरं कधी फुकट असतात आणि कधी जीवघेणी. तिथेच खरी मेख आहे.

आता नकाशा उघडा. जिंतूरहून सरळ रेषेत पुणं साधारण ३२० किलोमीटर, हैदराबाद ३१० आणि नागपूर ३००. तिन्ही दिशांना तीन मोठी शहरं, आणि आम्ही बरोब्बर मधे. (एसटीनं जाताना हे "मधे असणं" किती सुखाचं असतं ते विचारू नका.) छत्रपती संभाजीनगर दीडशेच्या आत, हिंगोली पन्नासेक, किल्लारी १७० च्या आसपास. म्हणजे अख्खा मराठवाडा जिंतूरपासून दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या वर्तुळात मावतो.

हे अंतर रेडिओच्या दृष्टीनं मजेशीर आहे. वॉकीटॉकीला फार लांब आणि परदेशाशी गप्पा मारायच्या उंच अँटेनाला फार जवळ. उंच अँटेना लहरी आडव्या फेकते, त्या हजारो किलोमीटरवर जाऊन उतरतात आणि मधला भाग कोरडा राहतो. यावरचा उपाय इतका साधा आहे की हसू येतं. अँटेना खाली आणायची. ७ मेगाहर्ट्झसाठी अंदाजे २० मीटर तार लागते. ती मधोमध तोडून तिथे केबल जोडायची आणि दोन झाडांच्या मधे चार-पाच मीटर उंचीवर ताणायची. मग लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरून परत चहूकडे पसरत खाली येतात. अंगणात पाण्याचा पाइप सरळ वर धरला की कसं आपल्याच आजूबाजूला सगळं भिजतं, तसं. भिजलेला भाग म्हणजे आपला मराठवाडा! दिवसा हा प्रकार आपल्या अक्षांशांवर छान चालतो, कारण विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात आयनोस्फिअर बऱ्यापैकी दाट असतं. दोन कडुलिंब, वीस मीटर तार आणि पाच वॅट. टॉवर नाही, रिपीटर नाही, कोणाची परवानगी मागायला सोसायटीचा सेक्रेटरी नाही.

किल्लारीचं नाव मी मुद्दाम घेतलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं, लोक थकून झोपलेले. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या भागात अजून कोणी ते वर्ष "भूकंपाचं साल" म्हटल्याशिवाय बोलत नाही. तेव्हा हॅम मंडळींनी तिथे जाऊन संपर्काचं काम केलं होतं. आणि हा काही फक्त इतिहास नाही. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुरानं काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मोबाइलचा टॉवर हा शेवटी बॅटरी, डिझेल आणि फायबर यांवर उभा असतो. लाइट जाऊन बराच वेळ झाला, रस्ता तुटला, फायबर वाहून गेली, की खिशातला फोन टॉर्च म्हणून वापरायचा.

इथे लो पॉवरचा पहिला खरा फायदा दिसतो. शंभर वॅटचा सेट बोलताना वीसेक अँपिअर खेचतो आणि नुसता ऐकत बसला तरी एक अँपिअर. पाच-सात वॅटचा साधा सेट बोलताना दोन अँपिअर आणि ऐकताना पाव. समजा आपण वेळेच्या पाचव्या हिश्श्यात बोलतो. मग लहान सेटची सरासरी पडते ०.६ अँपिअर. युपीएसमध्ये असते तसली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी घ्या, त्यातली पाचच वापरा, तरी आठ तास निघतात. मोठ्या सेटला आवाजाच्या चढउतारामुळे सरासरी कमी धरली, तरी तीच बॅटरी दोन तासांत आडवी. आणि लहान सेटची बॅटरी भरायला २०-३० वॅटचं सोलर पॅनेल पुरतं. ऊन तर आमच्याकडे वाटायला शिल्लक आहे.

दुसरा फायदा जागेचा. पुण्यात फ्लॅटच्या गॅलरीत एचएफ रिसीव्हर लावला की आधी काय ऐकू येतं? चार्जर, एलइडी ड्रायव्हर, इन्व्हर्टर, लिफ्ट, शेजाऱ्याचा टीव्ही... सगळ्यांची मिळून एक अखंड भुणभुण. काटा काहीच नसताना ६-७ वर. आता आठवा, पाच वॅटचा सिग्नल ७ च्या खाली होता! म्हणजे गेला की तो भुणभुणीत. गावाबाहेर शेतात हाच काटा २-३ वर असतो आणि तोच सिग्नल खणखणीत ऐकू येतो. गंमत बघा, जिंतूरच्या शेतातल्या माणसाला पुणं ऐकू येईल, पण पुण्याला जिंतूर ऐकू येणार नाही. (रेडिओ सोडून इतर बाबतीतही असंच असतं म्हणा. असो.) याचा अर्थ लहान सेटची खरी जागा शहर नाही, तालुका आहे. समजा जिंतूर, सेलू, औंढा, वसमत, गंगाखेड अशा शांत जागांवर एकेक सेट असेल, तर पाच वॅट भरपूर होतात.

तिसरा फायदा मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात जवळचा वाटतो. हा डबा उघडून बघता येतो आणि बघितलेलं कळतं. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला बिटएक्स नावाचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यामागचा विचार असा, की आपल्याकडच्या साध्या दुकानात मिळणाऱ्या सामानात सेट बनला पाहिजे. रेडिओत कॉइल गुंडाळायला टोरॉइड नावाच्या खास रिंगा लागतात, त्या इथे सहज मिळायच्या नाहीत. तर त्यांनी नळाचे वॉशर वापरले! फिल्टरला कॉम्प्युटरमधले १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल आणि शेवटच्या टप्प्याला आयआरएफ ५१०, जो मुळात रेडिओसाठी बनवलेलाच नाही. २०१६ मध्ये त्याचा तयार बोर्ड आला आणि २०१७ च्या अखेरीस सगळे एचएफ बँड चालवणारा मायक्रो बिटएक्स, परदेशी गिऱ्हाइकाला १०९ डॉलरमध्ये. जपानी कंपन्यांचे देखणे लो पॉवर सेट याच्या दसपट किंवा त्याहून महाग असतात. त्यांची गुणवत्ता वरचढ असते यात वादच नाही. पण ते बिघडले तर आपण फक्त कुरिअरचं खोकं पॅक करू शकतो.

आपण दिवसभर जे काम करतो त्यात एकाच्या डोक्यात मावेल असं आता काही उरलेलं नाही. एका बटणामागे चाळीस सर्व्हिसेस, आणि त्यातल्या अडतीस कोणी लिहिल्या ते गिटहबलाच माहीत. त्यापुढे मायक्रोफोनपासून अँटेनापर्यंतचा सगळा रस्ता एका ए-फोर कागदावर मावणारं यंत्र म्हणजे काय सुख असतं, ते सोल्डरिंग केलेल्याला वेगळं सांगायला नको. आणि तालुक्याच्या शाळेतल्या किंवा पॉलिटेक्निकमधल्या पोराला तेवढ्यात फिल्टर, ऑसिलेटर, अँप्लिफायर, अँटेना हे सगळं हातानं कळतं. पुण्याच्या सीओइपीच्या विद्यार्थ्यांनी किलोभराच्याही आतला "स्वयम्" उपग्रह बनवला आणि इस्रोनं २२ जून २०१६ ला तो सोडला. हॅम मंडळींनी त्याच्यामार्फत एकमेकांना निरोप पाठवावेत ही त्याची कल्पना. थोड्या वॅटांत लांब पोचायचं, हा शेवटी तोच अभ्यास.

इथपर्यंत वाचून वाटेल, झालं, याचं ठरलंय. थांबा. मागच्या दिवाळीत हेच सगळं मी घरी बाबांना ऐकवलं. डेसिबलसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे ते समदं खरं. पण त्या बाजूला कोण बसलंय?"

म्हटलं, "बाबा, तुम्ही मुद्द्याचंच विचारता."

कारण विरुद्ध बाजूचा हिशेब तिथूनच सुरू होतो. लो पॉवरची एक गोष्ट तिचे भक्त सांगत नाहीत. आपण वाचवलेली पॉवर समोरच्याला भरावी लागते. कधी त्याच्या मोठ्या अँटेनानं, कधी त्याच्या कानांनी आणि बहुतेक वेळा त्याच्या सहनशीलतेनं. पाच वॅटमध्ये ऑस्ट्रेलिया लागला म्हणून आपण नाचतो, पण पलीकडे कोणीतरी डोळे मिटून, हेडफोन दाबून आपलं नाव चौथ्यांदा विचारत असतो. हौसेत हे चालतं. "दोन जखमी, रक्तगट अमुक" हे सांगताना चौथ्यांदा विचारणं परवडत नाही.

दुसरं, आपलं हवामान. मे-जूनमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग जमले, की ७ मेगाहर्ट्झवर विजांचा कडकडाट असा भरतो की आपल्या शांत शेतातला काटासुद्धा उड्या मारायला लागतो. तेव्हा ती दोन घरं फुकट राहत नाहीत, सगळं बुडवतात. रात्री आणखी वेगळं. आयनोस्फिअर विरळ झालं की ७ मेगाहर्ट्झच्या सरळ वर गेलेल्या लहरी परत येत नाहीत, जवळचे लोक गायब होतात आणि लांबचे ऐकू यायला लागतात. मग ३.५ मेगाहर्ट्झवर उतरायचं, म्हणजे दुप्पट लांबीची तार. सूर्याचं चक्रही आहेच. सध्याच्या चक्राचा माथा २०२४ च्या सुमारास येऊन गेला, आता उतार. म्हणजे आज जे सहज जमतं, ते चार-पाच वर्षांनी घाम काढेल.

"मग एफटी-एट वापर" असं जाणकार म्हणतील. बरोबर आहे. नोबेल मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक यांनी २०१७ मध्ये आणलेला हा डिजिटल प्रकार कानाला ऐकूही येत नाही असा सिग्नल गोंगाटातून उपसून काढतो. पाच वॅटला तर तो वरदानच. पण पंधरा सेकंदांच्या एका खेपेत तेरा-चौदा अक्षरं जातात. त्यात "पाणी वाढतंय, बोट पाठवा" हे सांगत बसा! संपर्क झाला याचा पुरावा म्हणून तो उत्तम, संवाद म्हणून तोकडा.

आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हॅम रेडिओचं नाव झालं ते पोर्ट ब्लेअरमुळे. भारती प्रसाद यांची तुकडी हॅमच्या मोहिमेसाठी आधीच तिथे गेलेली होती. अँटेना उभ्या होत्या, माणसं सेटवर बसलेली होती, जगभरचे हॅम त्यांना ऐकायला टपलेले होते. लाट आल्यावर तेच स्टेशन निरोपांसाठी वापरलं गेलं. त्यांचे सेट किती वॅटचे होते यावर काही अडलं नव्हतं. ते आधीपासून चालू होते, यावर सगळं जमलं. कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून "इमर्जन्सीसाठी" ठेवलेला सेट, मग तो पाच वॅटचा असो की शंभरचा, वेळेला बॅटरी उतरलेली आणि मालक मॅन्युअल शोधत असलेला, असाच सापडणार. आपण बॅकअप घेतो आणि रिस्टोर कधीच करून बघत नाही, त्यातलाच प्रकार.

तर निकाल. शहरातल्या फ्लॅटमध्ये, एकट्यानं, आपत्तीत कामाला येईल म्हणून लो पॉवर सेट घेत असाल तर घेऊ नका. त्या पैशात चांगली पॉवर बँक घ्या. आपत्तीच्या जाळ्यात मध्यवर्ती स्टेशन चालवायचं असेल तर तिथे शंभर वॅट, मोठी बॅटरी आणि शांत जागा हवी, काटकसर नको. पण शिकायचं असेल, आणि गावाकडे एखादं घर किंवा शेत असेल, तर पहिला सेट पाच वॅटचाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पाच वॅट तुम्हाला अँटेना नीट करायला लावतात, वेळ-ऋतू समजून घ्यायला लावतात आणि बोलण्याआधी ऐकायला लावतात. शंभर वॅट या तिन्ही गोष्टी झाकून नेतात.

फक्त एक अट. एक सेट घेऊ नका, दोन घ्या. म्हणजे दोघांनी मिळून. आधी दोघांनी परीक्षा द्या, परवाना येऊ द्या. मग एक सेट जिंतुरात, दुसरा शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या मित्राच्या गावी. ज्या वीकेंडला दोघं घरी असू त्या रविवारी सकाळी पंधरा मिनिटं, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, बॅटरीवरच. काय ऐकू आलं, काटा किती, आभाळ कसं होतं, एवढं वहीत लिहायचं. वर्षभरानंतर त्या वहीत जे असेल ते कुठल्याच ब्रोशरमध्ये मिळणार नाही. कुठल्या महिन्यात, किती वाजता, पाच वॅटवर कोण कोणाला ऐकू शकतं, याचा आपल्या भागाचा खरा तक्ता. तिसरा आला की त्याला तो द्यायचा.

मी परीक्षेचा अभ्यास सुरू केलाय. "त्या बाजूला कोण" याचं उत्तर निम्मं सापडलंय. कॉलेजचा रूममेट, गाव गंगाखेडच्या पुढे, आणि त्याच्या शेतात कडुलिंब तीन आहेत.